दम्याचे पॉइंट

बडोदे, रविवार, १५ फेब्रुवारी २००९

डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पॉइंट हवेत, म्हणून माझ्यासारख्या जुन्या फॅमिली डॉक्टरने रविवारसुद्धा हॉटेलात लेक्चर ऐकत काढायचा! आज विषय दमा. माझ्या निम्म्या वयाचा स्पेशालिस्ट सांगत होता, "गोळ्या नकोत, तोंडात मारायचा पंपच द्या. दमा लपवू नका, घरच्यांना समजवा." मी उठून विचारलं, "लग्नाच्या मुलीची आई ऐकत नाही, तिला कसं समजवायचं?" म्हणे, "काउन्सेलिंग करा, सर!" तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "चालो, जमवा चालो!" जेवणाचं नाव निघालं की हॉल रिकामा. उत्तर राहिलंच.

घरी येतो तर हिने लेकीचा पंप टेबलावरून उचलून रव्याच्या डब्यामागे ठेवलेला. उद्या अकोट्याची मंडळी मंजूला बघायला येणार ना! डोकंच फिरलं. पंप परत टेबलावर आणून आपटला आणि हॉटेलातलं सगळं लेक्चर हिला ऐकवलं.

ही शांतपणे म्हणाली, "बरं. मग उद्या तुम्हीच सांगा त्यांना, मुलीला दमा आहे म्हणून."

मंजू माझ्याकडे बघत होती.

मग मंजूनेच पंप उचलला आणि रव्याच्या डब्यामागे ठेवून आली.