पैलवान भ्यायला होता

प्रिय शैला,

तू असताना तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आता लिहायला बसलोय. हसशील. पण परवा पल्लवीला दवाखान्यात न्यायचंय. बाळ आडवं आहे, सिझर करावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती आत दुपारची झोपलीय, मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलोय. मला फार भीती वाटतेय गं. आणि हे सांगावं असं या घरात तुझ्याशिवाय कोण होतं मला?

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. तिच्या सासूबाईंनी समजावलं होतं, "तिकडं बाईमाणूस नाही, इथंच राहा." पोरगी ऐकेना. "मला आईच्या घरी जायचंय," म्हणाली. आई नसलेल्या आईच्या घरी! मी फोनवर "ये, ये" म्हणालो आणि फोन ठेवल्यावर खाली बसलो. नगरहून सुप्याला कंपनीची बस इतकी वर्षं नेली, धुक्यात नेली, पावसात नेली. असा कधी घाबरलो नव्हतो. बाळंतिणीला काय लागतं, मला काय माहीत? माझी अक्का पारनेरहून येणार आहे, पण ती बाळ झाल्यावर.

आल्या आल्या पल्लवी कुठं बसली असेल? तुझ्या माशांच्या टाकीसमोर. तुझा पैलवान काचेपाशी आला आणि लाल शेपूट फुलवून तिच्यासमोर मिरवला. "ही टाकी म्हणजे आईच आहे बघा," ती म्हणाली. मी उठून बाल्कनीत गेलो.

हा पैलवान, फायटर जातीचा मासा, तू आणलास तो दिवस आठवतो का? लोणच्याच्या बरणीएवढ्या काचेत बिचारा अडकून पडला होता. दुकानदार म्हणाला, "ताई, हा एकटाच ठेवायचा, दुसऱ्यांना मारतो." त्यावर तू म्हणालीस, "माझ्या बालवाडीत चावरी पोरं येतात. त्यांना काय बरणीत ठेवते का मी?" आणि घेऊनच आलीस त्याला!

मग केवढी तयारी केलीस. आधी दाट वनस्पती लावल्यास, लपायला मडक्याचे तुकडे ठेवलेस. सोबतीला गरीब स्वभावाचे मासे आणलेस, तळाशी वाळू हुंगत फिरणारे मिशीवाले आणि निळ्या रेघेचे बारके. लांब शेपटीचे नकोत, त्यांना तो दुसरा फायटरच समजेल, म्हणालीस. फिल्टरच्या पाण्याचा झोत काचेकडे वळवलास, कारण एवढी जड शेपूट घेऊन त्याला प्रवाहात पोहवत नाही. भांडण झालंच तर वेगळं काढायला काचेचं भांडं शेजारी भरून ठेवलंस. तू सांगत राहायचीस आणि मी चहा पीत हं हं करायचो.

पण मला काय शिकवून गेलीस? दाणे चिमूटभर टाका, एवढंच! बाकीचं का नाही बसवून सांगितलंस? तुला काय वाटलं, तू कायम इथंच असणार आहेस?

दिवाळी झाल्यावर जावई आले होते. पल्लवीला करमावं म्हणून निलेशरावांनी हौसेनं काळ्या पट्ट्यांचे सहा-सात मासे आणून टाकीत सोडले. चपळ, चमकदार. टाकी कशी भरल्यासारखी दिसायला लागली. आम्ही तिघंही खूश होतो.

आणि पैलवानानं खाणं सोडलं.

दाणा तोंडापाशी जायचा आणि हा तोंड फिरवायचा. मग वनस्पतीमागून बाहेरच येईना. पर मिटलेले, रंग उडालेला, शेपटीची कड झिजलेली. शैला, तुझंही असंच सुरू झालं होतं ना? "भूक नाही हो" एवढंच म्हणायचीस. ताट तसंच परत जायचं. सकाळी उठल्यावर टाकीकडे बघायची हिंमत होईना. आधी दूध तापवायचो, दिवा लावायचो, खिडक्या उघडायचो आणि मग काहीच उरलं नाही की तिकडे बघायचो. तो हललेला दिसला की श्वास सोडायचो.

पल्लवीच्या डोळ्यांदेखत तो मेला तर? अशा दिवसांत? तिनं विचारलं की मी म्हणायचो, "थंडीनं सुस्तावलाय जरा." तिला हे पटायचं नाही, हे मला दिसत होतं.

शेवटी ठरवलं, पाणीच खराब झालंय, सगळं काढून नवीन भरायचं. बादली आणली, पाइप लावला. तेवढ्यात ती म्हणाली, "पप्पा, थांबा. ती बादली खाली ठेवा. बसा इथं माझ्याजवळ."

डॉक्टरीणबाईंनी तिला आराम सांगितलाय. त्यामुळे ती तासन्‌तास टाकीसमोरच असते. मी बसलो. बऱ्याच वेळानं पैलवान पानाआडून हळूच निघाला. फायटरला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, हे तूच सांगितलं होतंस. तो अर्ध्यावर आला आणि दोन पट्टेवाले मागून झेपावले. शेपटीचा लचका तोडून पसार. हा परत पानामागे.

"बघितलंत?" पल्लवी म्हणाली. "तो आजारी नाहीये पप्पा. तो भ्यायलाय. श्वास घ्यायला वर यायचीसुद्धा त्याला भीती वाटतेय."

मी पाइप गुंडाळून ठेवला.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. निलेशरावांना फोन केला. त्यांनी जराही वाईट वाटून घेतलं नाही. येऊन पट्टेवाले पकडले आणि दुकानात परत नेऊन दिले. फिल्टर धुताना माझ्या हातून झोत मधोमध वळला होता, तो पल्लवीनं पुन्हा काचेकडे करायला लावला. सगळं पाणी एकदम बदललं तर त्याला आणखी धक्का बसेल, म्हणाली. म्हणून थोडंसंच काढलं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं कोमट करून घातलं. आणि तिला आठवलं, "आई बदामाची वाळकी पानं टाकायची ना पाण्यात?"

मी भिंगारच्या रस्त्याला गेलो. तिथं बदामाची झाडं आहेत. वाकून पानं वेचत होतो तर रस्ता झाडणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "काय येचताय ओ बाबा? शेळीला का?"

"माशाला."

"मासं पानं खात्यात व्हय?"

"खात नाहीत. पाण्यात टाकली की त्याला बरं वाटतं."

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. मग खराट्यानं एक ढीग माझ्याकडे सरकवला. "ही घ्या, चांगली वाळल्याली हायत. बरं वाटू द्या त्याला."

पाणी चहासारखं झालं. तरी तो खाईना. आता हे आपल्या हातात नाही, असं मला वाटायला लागलं.

परवा दुपारी मी ताक करत होतो. बाहेरच्या खोलीतून पल्लवी जोरात ओरडली, "पप्पा!" रवी पडली, ताक सांडलं, मी तसाच पळालो. वाटलं, कळा आल्या. निलेशराव सुप्याला, रिक्षा कुठं मिळणार, दवाखान्याची पिशवी कुठं आहे! बघतो तर ही टाकीकडे बोट दाखवतेय. "खाल्ला! दाणा खाल्ला त्यानं!"

मी चिडलो. "असं ओरडतात का गं? जीव गेला असता माझा!" ती हसली. हसता हसता रडायला लागली. "पप्पा, मला लई भीती वाटते. तुम्ही नुसतं काही होत नाही, काही होत नाही म्हणता. मला वाटतं, मी एकटीच घाबरलेय."

मी म्हणालो, "मीपण घाबरलोय बाळा. तू आलीस त्या दिवसापासून."

तिनं माझा ताकानं भरलेला हात धरला.

पैलवान अजून पुरता सावरलेला नाही. कुणाची सावली पडली की दडतो. पण शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक नवी झालर फुटतेय. पल्लवीनं मला भिंग देऊन दाखवली.

काल तिनं विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी एक जण माझ्या उशाशी थांबला तर चालेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. रक्त बघितलं की निलेशना भोवळ येते. तुम्ही याल?"

विचार करायच्या आतच "हो" म्हणून गेलो. तेव्हापासून जेवण जात नाहीये.

पण मी जाणार, शैला. तुला शब्द देतो. ते हिरवे कपडे घालीन, तोंडाला फडकं बांधीन आणि तिच्या उशाशी उभा राहीन. डोळे मिटणार नाही. आपल्या नातवंडाचं रडू कानावर येईपर्यंत तिचा हात सोडणार नाही.

ती उठली वाटतं. हाक मारतेय.

तुझाच,
दत्ता