सोनी मायले मावशी म्हणते

नागपूर, रविवार, १२ जानेवारी १९३६

तं मावशी नाई म्हणायचं, तं काय म्हणायचं? बापानं दुसरी केली की पहिलीचे लेकरं तिले मावशीच म्हणतात. आमच्या साऱ्या रिठद गावात हेच चालते. मले माय होती, ती गेली. तिची हाक दुसरीले कायले देऊ?

पण आज रहीम गावाहून आला. गिरणीत माह्या बाजूलेच काम करते. हसत सांगे, "अबे, तुही लहान बहीण सोनी बोलाले लागली. सख्ख्या मायले मावशी म्हणते! तूच शिकवलं."

"मंग मावशी काय म्हणे?"

"हसली. अन् चुलीकडं तोंड केलं."

म्या कुठं शिकवलं? दिवाळीत घरी होतो, दिवसभर मावशी, मावशी करत होतो. पोरगी तिच्या मांडीवर बसून ऐकत होती, एवढंच.

पोटची पोर असून घरात त्या बाईले माय म्हणणारं कोणीच नाई. चुलीकडं तोंड केलं म्हणे.

मनिआर्डर आजवर बापाच्या नावानं जाये. उद्या तिच्या नावानं करतो. खाली लिहितो, "माय, सोनीले झबलं शिव." पोस्टमन आंगणात उभा राहून मोठ्यानं वाचते. सोनीच्या कानावर पडनच.

चार रुपये.