लेबलाखालचा जांभळा

मंगळवार, दिवेलागण
गोंदिया



भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, जुन्या वस्तूंच्या दुकानातली एक जांभळी औषधाची बाटली आज धुवायला घेतली. उद्या नागपूरच्या एक बाई ती विकत न्यायला येणार. वर्षानुवर्षं उन्हात राहून काच जांभळी झाली, म्हणून तिची किंमत जास्त, असं त्यांना फोनवर मीच सांगितलं. मला घरात तसंच सांगितलं होतं.

पाण्यात जुनं लेबल सुटलं. त्याच्याखाली काच फिकट असायला हवी होती ना? तिथे ऊन कुठून पोचणार? पण लेबलाखालीही तेवढाच गडद जांभळा. म्हणजे ऊन नाहीच. कुठल्या तरी मशीनच्या किरणांनी रंग आणला असणार, ते कागदातूनही आरपार जातात. मग दुकानातल्या बाकीच्या बाटल्या?

भासऱ्यांशी सुनेनं समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. म्हणून जाऊबाईंना म्हटलं, "बाटली किती वर्षं उन्हात होती, विचारा न त्यांना." लेबलाचं मी काहीच बोलले नाही.

चहाच्या वेळी भासरे स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आजवर कधी आले नव्हते. थेट माझ्याशी बोलले, आवाज न चढवता.

"लेबल कायले काढलं?"

जाऊबाई गंजातला चहा ढवळत राहिल्या.

"उद्या बाईले उन्हाचं तूच सांगजो. तुयाच तोंडून ऐकलं न तिनं."

आत्ता दुकानात जाऊन आले. बाटली फळीवर आहे. लेबल जिथल्या तिथे. बोट लावून पाहिलं, डिंक अजून ओला आहे.