आखूड काडी

३ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

इकडे सगळे ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. हिचे गुडघे धरलेत. माझ्या सुतारकामाचं बेताचंच. लढाईनंतर लोक जुनी दारं दुरुस्त करून घेतात, नवी कोणी करत नाही.

तुझा सत्कार ठरल्याचं वाचलं. जवान जेवल्याशिवाय ताटावर न बसणारा सेनापती, असं छापून आलंय. ते खरंच आहे. मी तुझ्या न्यायबुद्धीवर बोलावं, असं तू कळवलंस. म्हणजे काड्यांवरच ना? धोक्याच्या जागी कोणाला धाडायचं ते तू कधी ठरवलं नाहीस. मुठीत काड्या धरायचास; ज्या प्रमुखाला आखूड काडी येईल, त्याची तुकडी पुढे. म्हणून पोरं तुझ्यावर जीव टाकायची. आपला पोरगाही टाकायचा. तुकडीचा प्रमुख झाला तेव्हा म्हणाला होता, "बाबा, मोठ्या काकांकडे कोणाचे लाड नाहीत. माझेसुद्धा!"

परवा तुझा जुना ड्रायव्हर आला होता. हिने चहा पुढे केला तर म्हणाला, "वहिनी, आधी ऐका. मग द्यावासा वाटला तर द्या."

त्याने सांगितलं ते असं: पुलावर जायच्या दिवशी आखूड काडी दुसऱ्यालाच आली होती. तू ती बाजूला टाकलीस. "माझा पुतण्या मागे राहिला तर लोक म्हणतील, घरचा म्हणून वाचवला. त्याची तुकडी जाईल."

पोराला चेष्टाच वाटली. हसला म्हणे. "मोठे काका, माझी लांब आहे."

"सेनापती म्हण," तू म्हणालास.

बाकीचे प्रमुख खाली बघत उभे होते. तो सॅल्यूट करून निघाला. पुलावरून कोणीच परत आलं नाही.

हिने चहा पुन्हा गरम करून त्या ड्रायव्हरला दिला. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

'नशिबापुढे इलाज नाही,' असं तू तेव्हा लिहिलं होतंस. अरे, नशिबाने त्याला सोडलं होतं. देवाने लांब काडी दिली होती, ती तू त्याच्या हातून काढून घेतलीस. का, तर लोकांनी तुला नावं ठेवू नयेत. आणि मी वेडा, इतके दिवस देवाशी अबोला धरून बसलो. काल जाऊन त्याची क्षमा मागितली.

सत्काराला मी येतो. बोलतोही. ड्रायव्हरने सांगितलं तेवढंच सांगेन, वर एक शब्द घालणार नाही. तुला ऐकवणार नसेल तर माझं भाषण रद्द कर. पण तो हुकूम तरी लोकांच्या नावावर ढकलू नकोस.

तुझा धाकटा भाऊ होतो.
आता फक्त,
त्याचा बाप