पोर्ट धुतला की हुडहुडी

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो, आणि आता माझे दातसुद्धा गेलेत. इतक्या वर्षांनी तुमच्याशी बोलायचंय ते तक्रार करायला. घरात केली तर मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, वय झालं की चिडचिड होतेच. तुमच्यापुढं मी अजून सातवीतला, तेव्हा चिडायला मोकळा आहे.

माझ्या बायकोला कर्करोग झालाय. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा सापडेनात, म्हणून उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत तिला पोर्ट बसवला. मोठ्या बटणाएवढी डबी, आणि तिची नळी आतल्या मोठ्या शिरेत गेलेली. केमोचं औषध तिथूनच द्यायचं, आणि मध्ये खंड पडला की नळी तुंबू नये म्हणून औषधी पाणी सोडून ती धुवायची. बसवला त्या दिवशी घरी जाताना हातात एक कागद दिला, सगळा इंग्रजीत. मी विचारलं, यात काय लिहिलंय? सिस्टर म्हणाल्या, "काही नाही हो आजोबा, काळजी घ्यायची, बस." चार घड्यांचा तो कागद अजून कपाटात आहे. त्यात काय काय लिहिलं होतं ते मला आता कळलंय, आणि त्याचाच मला राग आहे.

संक्रांतीचा सुमार, गावात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. केमोला सुट्टी होती, फक्त पोर्ट धुवायला गेलो होतो. सकाळी धुतला, रिक्षानं घरी आलो, मी तिच्यासाठी भाकरी कुस्करत होतो. आणि ती म्हणते, "अहो, चादर टाका की. अजून एक टाका." तीन चादरी टाकल्या तरी खाट वाजतेय. दात दातावर. तासाभरानं थंडी उतरली, अंग तापलं, संध्याकाळी आपोआप निवलं. दुसऱ्या दिवशी ती उठून लसूण सोलत बसली. पुढच्या वेळी पोर्ट धुतला तेव्हा पुन्हा तेच. मी दवाखान्यात जाऊन सांगितलं, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "काका, केमोत ताप येतोच." सगळ्यांना येतो म्हणून हिचा कुणी बघायचाच नाही, हा कुठला न्याय, गुरुजी?

इथं मला तुमचा तास आठवतो. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची. मी कविता म्हणत होतो, डोळे मिटून, हात हलवत. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही विचारलंत, "पाखरू कुठल्या फांदीवर बसलंय रे?" कविता सगळी तोंडपाठ, पण त्यातलं पाखरू मी कधी बघितलंच नव्हतं. "आवाज गोड हाय तुझा. डोळं कुटं ठेवलास?" म्हणालात, आणि पटांगणातल्या लिंबाखाली उभं केलंत. हातात लाल-निळी पेन्सिल दिलीत. दिसेल ते निळ्यानं लिही, वाटेल ते लालनं, आणि निळं संपल्याशिवाय लाल टोक लावायचं नाही. पेन्सिल परत मागितली नाहीत तुम्ही. ती झिजून संपली, पण तसली मी आयुष्यभर विकत घेत आलोय.

तर वही काढली. निळ्यानं लिहिलं: पोर्ट कधी धुतला, किती वेळानं थंडी वाजली, ताप किती, कधी उतरला. मधल्या दिवसांत ताप नाही. आणि एका सकाळी तिचा पदर सरकला तेव्हा दिसलं की पोर्टवरची कातडी लाल आहे. ती पटकन पदर ओढून घेते. "काही न्हाय हो."

काही नाही कसं? आम्ही लिंगायत, आमच्या घरात दोऱ्यात बांधलेलं गळ्यातलं इष्टलिंग कुणी उतरवत नाही, तुम्हांला हे सांगायला नको. ही तर रोज पूजेला तळहातावर घेते तेवढंच, पुन्हा दोरा गळ्यातच. कधीतरी सिस्टरनी लाली बघितली होती आणि हात न लावता निकाल दिला होता: दोरा घासतोय, काढून ठेवा. त्या दिवसापासून हिनं दाखवणंच बंद केलं. मला म्हणाली, "दाखवलं तर लिंग काढायला लावत्यात. मग दुखलं तर दुखू दे." मी बघितलं. दोरा मधोमध पडतो. लाली उजवीकडं, बरोबर डबीच्या गोलावर. दोरा तिथवर पोचतच नाही. एवढं बघायला डॉक्टर व्हावं लागतं?

पुढच्या खेपेला वही घेऊन गेलो. त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होत्या. बायको आधीच म्हणाली, "ह्यांना कविता करायची सवय हाय. तुमी लई मनावर घेऊ नका." त्यांनी वही वाचली. एकदा, मग परत एकदा.

"धुतल्यावर किती वेळानं म्हणालात?"

"पाऊण तास. दोन्ही वेळा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, ही कविता नाहीये. पदर बाजूला घ्या. दोरा काढायचा नाही, नुसता धरून ठेवा." त्या वाक्यावर बायकोनं पदर सोडला. पोर्टमधून आणि हाताच्या शिरेतून, दोन्हीकडचं रक्त तपासायला गेलं. जंतू पोर्टमध्ये होते. धुतला की आतली घाण सरळ रक्तात. पोर्ट काढला, औषधं चालू झाली. आता ती बरी आहे, पुढची केमो कशीबशी शीर शोधून हातातूनच चाललीय, आणि भाकरी कडक झाली म्हणून मला बोलते.

तरी राग जात नाही. पोर्ट वापरल्यावर थंडी वाजून ताप आला तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी या. एका वाक्याचं काम होतं. हात किंवा मान सुजली, औषध जाताना आग झाली, तर तिथंच सांगा. हे दुसरं. ही दोन वाक्यं मराठीत म्हणायला रिक्षात बसण्याइतकाही वेळ लागत नाही. कागद इंग्रजीत छापायला मात्र वेळ मिळाला.

आता एक सांगायचं राहिलं. वहीत निळ्याच्या आधी एक पान आहे. पहिल्या हुडहुडीच्या वेळचं. ती चादरीखाली थरथरत होती, चादरीवरची विणलेली फुलं हलत होती, आणि मला ते इतकं सुंदर दिसलं की मी शेजारी बसून चार ओळी लिहिल्या. सगळ्या लाल. थर्मामीटर हाताशी, खणात होता. ते पान मी डॉक्टरीणबाईंकडं वही देण्याआधी दुमडलं. हे पत्रही तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याचं आज, खरं सांगतो, मला बरंच वाटतंय.