बोट थांबलं तेव्हा

निपाणी, १९३८

सौ. बाळाबाईस,

लघवी अडते म्हणून आज डॉक्टरकडं गेलतो. त्यानं मागनं बोट घालून आतली गाठ चाचपली. मी वखारीत तंबाखूचं पान चाचपून पारखतो, त्यामुळं बोट कधी थांबतं ते मला कळतं. त्याचं थांबलं.

"आप्पा, गाठ दगडासारखी लागते. कर्करोग असावा. कंबर दुखते का?"

व्हय म्हणालो. मग हाडातबी गेला असंल म्हणाला. वरीसभर निघंल.

हे पत्र धाडणार न्हाय. टपालवाला तुला पत्र वाचून दाखवतो, ते सगळा कट्टा ऐकतो. कार्डावर 'उन्हाळी लागलीया, काळजी नको' एवढंच लिहितो.

लग्न झाल्यावर मला अक्षरं शिकवा म्हणालीस, तवा मीच हसलो होतो.

वखारीतनं,
रवळू