नैवेद्याची घंटी

देवास, शनिवार, मार्च १९९८

मी गप्प का बसले नाही? वरच्या खोलीतला परदेशी मिशनरी, विशीतला पोरगा, उद्या धारला जाणार. आठवडाभर आमच्याकडेच जेवला.

दुपारी शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा प्रसाद आणला, तर हात जोडून म्हणाला, "माफ कीजिए, मूर्ति को चढ़ाया हुआ मैं नहीं खाता." आमच्याकडे घंटी वाजवून नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाचं पान वाढत नाहीत. म्हणजे सात दिवस मी त्याचा नेम मोडतेय!

हे म्हणाले, "जाने दो ना, उद्या जातोच आहे." पण मला राहवेना. संध्याकाळी सांगून टाकलं.

तो हसला. "घंटी तो रोज़ सुनता था, दीदी. आपने कहा नहीं, मैंने पूछा नहीं. कोई बता दे, तभी हमें मना है."

मग मी ताट पुढे केलं, तर हात लावेना. आता मी सांगितलंय ना! म्हटलं, सकाळचे पोहे घंटीआधीच देते.

"नहीं दीदी, मेरे लिए भगवान को मत रोकिए."

उपाशीच वर गेला. त्याच्या पोळ्या झाकून ठेवल्यात. त्या घंटीकडे बघवत नाही.